उलंगवाडी

बोंडअळी हुशार झाली, असं आमच्याकडे सगळेच म्हणतात. कृषी केंद्रावर म्हणतात, चहाच्या टपरीवर म्हणतात, लग्नाच्या पंगतीतही तोच विषय. "पयले औषध मारलं का पटापट मरे, आता अळी विषाले सरावली भाऊ." मी ऐकून घेतो. पण मनात येतं, अळीला सरावायला वेळ कुठे आहे? गरम दिवसांत तिचा सगळा जन्म महिना-सव्वा महिन्याचा. अंड्यातून निघाली की काही तासांत बोंडात शिरते, आत बसून सरकी खाते, बाहेर येऊन कोष करते, कोषाचा पतंग होतो, पतंग अंडी घालतो आणि मरतो. मधे विष पोटात गेलं की संपली. मेलेली अळी मागच्यांना काय शिकवून जाणार?

माणसाचं वेगळं आहे. आमच्या बाबांना तंबाखूची सवय होती. पहिल्यांदा खाल्ली तेव्हा म्हणे चक्कर येऊन बांधावर पडले होते, पुढे दिवसाला दोन पुड्या लागायच्या. ही सवय. पण बाबांची सवय माझ्या पोटात उतरली नाही. मी आजही चिमूटभर खाल्ली तर बाबांसारखाच बांधावर पडेन.

मी १९७६ साली दहावी झालो आणि तिथेच शाळा सुटली. विज्ञानाच्या पुस्तकात जिराफ होता. उंच झाडाचा पाला खायला मान ताणून ताणून जिराफाची मान लांब झाली असं एक जण म्हणतो आणि डार्विन म्हणतो तसं नाही, ज्यांची मान मुळातच जरा लांब होती ते जगले, असा तो धडा. मार्कांपुरता पाठ केला. आम्ही जिराफ पाहिला नव्हता, मास्तरांनीही पाहिला नव्हता. तो धडा मला कळला कापसाच्या वावरात, आणि कळायला चाळीस वर्षं लागली.

खळ्यावर चाळणी असते. धान्य टाकलं, हलवलं, बारीक दाणा खाली पडला, मोठा वर राहिला. वर राहिलेला दाणा चाळणीत काही शिकून मोठा झालेला नसतो, तो आधीपासून मोठाच होता. उद्या तोच पेरला, पुन्हा चाळला, पुन्हा वरचाच पेरला, तर दहा वर्षांनी तुमच्या घरचं बियाणंच वेगळं दिसेल. आमच्या आजोबा-पणजोबांनी ज्वारीची कणसं अशीच निवडली. धानाच्या मुलखात तर निंदणाऱ्या बायांनी नकळत एक गवत घडवलं आहे. साव्याच्या जातीचं ते गवत हुबेहूब धानासारखं दिसतं. शेकडो वर्षं बाया वेगळं दिसणारं रोपटं उपटत गेल्या, धानासारखं दिसणारं हातातून सुटत गेलं, आणि बी धरलं ते सुटलेल्यानं. शास्त्रज्ञांनीही हे तपासून लिहून ठेवलं आहे. त्या गवताला कोणी नक्कल शिकवली नाही. बायांची नजर हीच त्याची चाळणी.

आता कापसाकडे येतो, कारण माझं सगळं आयुष्य त्याच्यातच गेलं.

शहरातल्या वाचकांसाठी दोन शब्द सांगतो. आमच्या यवतमाळकडे कपाशीच्या झाडाला पऱ्हाटी म्हणतात. आणि कापसाचा हंगाम सरला, शेवटची वेचणी झाली, की होते ती उलंगवाडी. उलंगवाडी झाली म्हणजे वावर सगळ्यांना मोकळं. गावची गुरं, शेळ्या, मेंढपाळांचे कळप वावरात शिरायचे आणि पऱ्हाटीवर उरलेला पाला, कवडी झालेली बोंडं, न फुटलेल्या कैऱ्या सगळं खाऊन जायचे. गरिबाच्या बाया-पोरं राहिलेला कापूस वेचून न्यायची, त्यांना कोणी हटकत नसे. मग पऱ्हाटी उपटायची. चिमट्यानं उपटताना कंबर मोडते. तिचं जळण व्हायचं, कुडाच्या भिंती व्हायच्या. संक्रांतीच्या पुढेमागे आमचं वावर उघडंबोडकं झालेलं असे. बाबा म्हणत, "सरली कपाशी. आता वावराले झोपू द्या."

तेव्हा गावरानी कापूस होता. मृगाच्या पावसावर पेरायचा, ओळींच्या मधे तूर आणि ज्वारीची पाती. दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू. पहिल्या वेचणीला माय वावरात दहीभात घेऊन जायची, सीतादहीची पूजा व्हायची, मगच ओटीत पहिला कापूस. एकरी दोन-तीन क्विंटल आला तरी बाबा समाधानी असत. तेव्हाही अळी होती. गुलाबी, शेंदरी रंगाची. ती फुलात असली की फुलाच्या पाकळ्या पूर्ण उघडत नाहीत, आतल्या आत चिकटून, पीळ बसल्यासारख्या मिटून राहतात. त्या फुलाला डोमकळी म्हणतात. माय वेचता वेचता डोमकळी दिसली की तोडायची आणि पायाखाली चिरडायची. आम्हा पोरांना सांगायची, "डोमकळी दिसली का तोडाची. इचाराचं नाई."

ही अळी आपल्याच देशात पहिल्यांदा शास्त्राच्या नोंदीत आली. गुजरातेतल्या भडोचहून गेलेल्या नमुन्यांवरून १८४३ साली एका इंग्रजानं तिचं नाव आणि वर्णन छापलं. पुढे कापसाच्या सरकीत बसून ती इजिप्तला गेली, तिथून मेक्सिकोला, आणि १९१७ साली अमेरिकेतल्या टेक्सासला पोहोचली. सरकीतच तिचं घर, त्यामुळे जिथे सरकी तिथे ती.

पण आमच्या लहानपणी तिनं कोणाला देशोधडीला लावलं असं ऐकलं नाही. का लावलं नाही, याचं उत्तर मला उलंगवाडीत सापडतं.

ही अळी कापसावर जगते. भेंडीबिंडीवर कधी सापडते, पण तिचं खरं खाणं कापूसच. मग संक्रांतीपासून पुढच्या श्रावणापर्यंत वावरात कापूसच नसेल तर तिनं काय खावं? निसर्गानं तिला एक सोय दिली आहे. दिवस लहान झाले, थंडी पडली, की काही अळ्या कोष करायचं सोडून झोपी जातात. दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्या पोकळीत मुटकुळं करून बसतात. जुळ्या सरक्या म्हणतात त्याला. कोणी सरकीत, कोणी मातीत, कोणी पऱ्हाटीच्या गंजीतल्या बोंडात. उन्हाळा असाच काढतात आणि मृगाचा पाऊस पडून माती थंडावली की पतंग होऊन बाहेर येतात.

बाहेर येतात तर काय दिसतं? जूनचा महिना, कपाशी नुकतीच उगवलेली, चार-सहा पानांची. पातं नाही, फूल नाही. पातं धरायला अजून महिना-दीड महिना. पतंगाचं आयुष्य आठ-पंधरा दिवस. अंडी घालायला जागाच नाही, घातली तरी पिल्लांना खायला नाही. बहुतेक सगळे वांझोटे मरून जात. जी थोडी उशिरा जागी होत, तेवढ्यांचाच वंश पुढे चाले. आणि जी अळी हिवाळ्यात झोपलीच नाही, तिचं तर त्याहून वाईट. माघ-फाल्गुनात पतंग होऊन ती बोडक्या वावरावर भिरभिरत मरे. वर माय चैताच्या उन्हात सरकी वाळत घाली, त्यात आणखी काही मरत. म्हणजे आमची पेरणीची तारीख, आमची उलंगवाडी, गावची शेरडं, चैताचं ऊन, ही सगळी मिळून त्या अळीची चाळणी होती. कोणी ठरवून केली नव्हती. बाबांना अळीची झोप माहीत नव्हती, त्यांना फक्त गुरांना चारा आणि चुलीला जळण पाहिजे होतं.

मग चाळणी बदलली. ती आम्हीच बदलली, पण त्यात वाईट हेतू कोणाचा नव्हता.

एक गोष्ट आधी सांगतो. कापूस हे मुळात वर्षाचं पीक नाही, ते झाड आहे. आमच्या अंगणात देवकापसाचं झाड होतं, माय त्याच्या वाती वळायची. ते कितीतरी वर्षं उभं होतं, दरवर्षी फुलायचं. माणसानं हजारो वर्षं निवडून निवडून शेतातला कापूस वर्षाच्या मापात बसवला, पण त्याची जात गेली नाही. वेचणी संपल्यावर त्याला पाणी द्या, थोडं खत द्या, तो पुन्हा पालवतो, पुन्हा पातं धरतो. यालाच फरदड म्हणतात. नांगरणी नाही, बियाणं नाही, निंदण नाही, नुसत्या पाण्यावर आणखी एक बहर. शेतकऱ्याला फरदड आवडते यात नवल काही नाही.

बाबांच्या काळी फरदड घेणार कोण, विहिरीला पाणी कुठे आणि मोट ओढणार कोण? पण १९७० साली गुजरातेत एच-४ हा संकरित कापूस निघाला, जगातला पहिला संकरित कापूस म्हणतात तो. पुढे आणखी वाण आले, आमच्याकडेही पोहोचले. झाड मोठं, बोंडं मोठी, मुदत लांब. मागोमाग विहिरीवर विजेचे पंप आले. गावरानी कापूस हळूहळू गेला. जो कापूस संक्रांतीला संपायचा तो होळीपर्यंत हिरवा राहू लागला. पुढे ठिबक आलं तसं ज्यांच्याकडे पाणी आहे ते मे महिन्यातच कपाशी टोबू लागले. म्हणजे जूनमध्ये भुकेनं मरणाऱ्या पतंगाला आता पातं तयार, आणि माघात मरणाऱ्या पतंगाला फरदडीची फुलं तयार. झोपणारी अळीही जगली, न झोपणारीही जगली. गुरंही कमी झाली. उलंगवाडी हा शब्द माझ्या नातवाला माहीत नाही.

पण त्या वेळी गुलाबी अळीकडे कोणाचं लक्ष नव्हतं, कारण हिरवी बोंडअळी सगळ्यांच्या उरावर बसली होती. ही हिरवी अळी कपाशीवर येते, तुरीवर येते, हरभऱ्यावर, टमाट्यावरही येते. ऐंशीच्या दशकात नवी फवारणीची औषधं आली, सायपरमेथ्रिनसारखी. पहिली दोन-तीन वर्षं अळ्या टपाटप खाली पडायच्या. मग थांबल्या. नव्वदच्या दशकात आम्ही आठ-आठ, दहा-दहा फवारण्या केल्या, सगळा कापूस औषधवाल्याच्या घरी. चाळणीचा हिशोब इथेही तोच. कपाशीवर जे औषध तेच तुरीवर, तेच हरभऱ्यावर. हिरवीनं कुठेही जावं तर तेच विष समोर. ज्या थोड्या अळ्यांच्या अंगात ते पचवायची ताकद आधीपासून होती, त्यांचीच पैदास राहिली.

२००२ साली सरकारनं बीटी कापसाला परवानगी दिली. मातीतल्या एका जिवाणूतला विष करणारा गुण कपाशीच्या झाडातच घातलेला. अळीनं बोंड खाल्लं की मेली. काय सांगू तुम्हाला, त्या पहिल्या काही वर्षांत आम्ही माणसांत आलो. आमच्या वावरात एकरी चारावरून आठ क्विंटलवर गेलो. फवारणीचा पंप कोनाड्यात गेला. २००६ मध्ये दोन विषांचं वाण आलं, बीजी-टू. काही वर्षांत असं झालं की पंचक्रोशीत बीटी सोडून दुसरा कापूस बघायला मिळेना. गुलाबी अळी तर दिसेनाशीच झाली. डोमकळी म्हणजे काय हे माझ्या मुलाला सांगायची वेळच आली नाही.

आता दोन्ही अळ्या शेजारी ठेवून पाहा. विष तेच, वावर तेच, शेतकरी तेच. हिरवी अळी आज वीस वर्षांनंतरही बीटीनं बहुतेक आटोक्यात आहे. गुलाबीनं मात्र गुजरातेत २००९ च्या सुमारास पहिलं विष पचवलं आणि पाच-सहा वर्षांत दुसरंही. एक शिकली आणि दुसरी ढ राहिली, असं का म्हणणार? फरक त्यांच्या घराचा आहे. बीटीचं विष फक्त कपाशीत आहे, तुरीत नाही, हरभऱ्यात नाही. हिरवीला बिनविषाचं खायला शंभर ठिकाणं. तिथे साध्या, विष न पचवणाऱ्या अळ्या मजेत वाढतात, त्यांचे पतंग कपाशीतून वाचलेल्या एखाद्या पतंगाशी जुगतात, आणि त्यांची पिल्लं पुन्हा कपाशीत मरतात. गुलाबीला कापसाशिवाय घरच नाही, आणि घरभर विष. जी मेली ती मेली, जी राहिली ती आपल्यासारख्याच राहिलेल्याशी जुगली.

याची सोय कागदावर केलेली होती. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचं साध्या कापसाचं पाकीट यायचं, ते भोवतीनं लावायचं, म्हणजे साध्या अळ्यांना घर राहील. पण बघा, शेतकऱ्याला सांगायचं की पैसे देऊन घेतलेल्या वावरात अळीसाठी जागा राखून ठेव. आणि ते बी उगवायचं तर उगवायचं, नाहीतर नाही. उगवलं तर बीटीच्या आधी नाहीतर नंतर फुलावर यायचं. गावात बहुतेकांच्या घरी ती पाकिटं गोठ्याच्या वळचणीला पडलेली मी पाहिली आहेत. एकानं त्याची सरकी म्हशीला घातली. मला त्यांना दोष द्यावासा वाटत नाही. ज्याला दोन एकर आहे त्याच्याकडे अळीच्या वाट्याची जमीन कुठून येणार?

गावच्या शेतीशाळेत एक शास्त्रज्ञ आले होते. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती माझ्या डोक्यातून जात नाही. आपलं बीटी संकरित आहे. संकरिताच्या बोंडातल्या सरक्या सगळ्या सारख्या नसतात. दोन विषांचा हिशोब मांडला तर दर १६ सरक्यांमागे ९ मध्ये दोन्ही विषं, ३ मध्ये एक, ३ मध्ये दुसरं, आणि १ सरकी साफ बिनविषाची. आणि गुलाबी अळी खाते काय? तर सरकीच. म्हणजे एकाच बोंडात कडू-गोड सगळं वाढलेलं. ज्या अळीत विष पचवायची अर्धीमुर्धी ताकद आहे, जी सगळं विष असतं तर मेली असती, ती अशा बोंडात निभावून जाते. मोठ्या छिद्राची, मधल्या छिद्राची, बारीक छिद्राची, अशा सगळ्या चाळण्या एका बोंडात ठेवल्यासारखं झालं. आणि ताकद म्हणजे तरी काय? विष अळीच्या आतड्यातल्या एका ठरावीक पदार्थाला जाऊन चिकटतं, तेव्हाच काम करतं. काही अळ्यांत तो पदार्थच जरा वेगळा घडलेला असतो. विष येतं, चिकटायला जागा सापडत नाही, निघून जातं. असा बिघाड अळीच्या जातीत अधूनमधून होतच असणार. एरवी तो बिघाडच. आम्ही लावलेल्या वावरात तो गुण ठरला.

आमच्या वावरात थोरल्यानं ते फूल मला आणून दाखवलं ते २०१५ साली. "बाबा, हे फूल असं काहून मिटलं?" हातात घेतलं आणि मायची आठवण झाली. चाळीसेक वर्षांनी डोमकळी पाहत होतो. पाकळ्या सोडवल्या तर आत ती बसलेली, अजून पांढुरकीच, शेंदरी व्हायला वेळ होता.

२०१७ साल आमच्या जिल्ह्यात कोणी विसरणार नाही. झाडं छातीभर वाढलेली, बोंडांनी लगडलेली, वरून पाहिलं तर सोन्यासारखं पीक. बोंड फोडलं की आत किडकी सरकी आणि पिवळी कवडी. अळीच्या भीतीनं, तुडतुड्यांच्या भीतीनं लोकांनी दोन-तीन औषधं एकत्र करून फवारली. पीक डोक्याएवढं, फवारा अंगावर, उकाडा. यवतमाळ जिल्ह्यात त्या हंगामात फवारणीच्या विषबाधेनं वीसेक माणसं गेली. आमच्या बाजूच्या गावातला एक मजूर आठ दिवस दवाखान्यात होता, वाचला, पण त्याच्या डोळ्यांना अजून त्रास आहे. तो मजुरीनं फवारायचा, त्याच्याकडे स्वतःचं गुंठाभर वावर नाही. आणि यातली अर्धी फवारणी तर अळीपर्यंत पोहोचतच नव्हती. ती बोंडात गेली की शिरल्याचं भोक बुजून जातं. औषध झाडावर, अळी घरात, आणि विष माणसाच्या छातीत.

दुसरीकडे लोकांनी काय केलं तेही सांगितलं पाहिजे. चीनमध्ये शेतकऱ्यांनी संकरिताच्या दुसऱ्या पिढीचं बियाणं लावलं, त्यात बीटी आणि साधी झाडं आपोआप मिसळलेली निघाली, आणि तिथल्या गुलाबी अळीत विष पचवणाऱ्यांचं प्रमाण उलट खाली आलं. अमेरिकेनं नापीक केलेले पतंग कोट्यवधींनी विमानातून सोडले, साध्या कापसाची जागा राखली, पीक वेळेवर मोडलं, आणि २०१८ मध्ये तिथे ही अळी संपल्याचं जाहीर झालं. तिकडचा शेतकरी हजार एकरांचा, आमच्याकडे एका शिवारात पाचशे मालक. त्यांचं जसंच्या तसं इथे चालणार नाही. पण वेळेवर मोडणं मात्र आपलंच होतं. आपल्याकडे त्याला नावसुद्धा होतं.

पूर्वी मला वाटायचं, ऊन, पाऊस, जमीन हे देवानं मांडून ठेवलेलं असतं आणि जीव त्यात कसाबसा स्वतःला बसवून घेतो. आता तसं वाटत नाही. अळीचं हवामान म्हणजे नुसतं ऊन-पाऊस नाही. माझी विहीर, माझ्या मुलाच्या डोक्यावरचं कर्ज, बियाण्याच्या दुकानातलं पाकीट, कापसाचा मार्चमधला भाव, हे सगळं तिचं हवामान आहे. आणि हे एकतर्फीही नाही. अळीनं आम्हाला बदललं आहे. गावात निम्म्या लोकांनी कापूस सोडून सोयाबीन धरलं, म्हणजे अळीनं स्वतःचंच घर निम्मं केलं. कृषी खातं आता जूनच्या आधी कपाशी लावू नका म्हणतं. कमी मुदतीचे वाण पुन्हा शोधले जात आहेत. वावरात कामगंध सापळे लागले. मादीच्या वासाची गोळी असते त्यात, नर येऊन अडकतात. तीन रात्री लागोपाठ एका सापळ्यात आठ-आठ पतंग आले तर औषध काढायचं, नाहीतर नाही. रोज सकाळी मी चहाच्या आधी पतंग मोजतो. साठी उलटल्यावर हा नवा धंदा मला अळीनं लावला.

उलंगवाडी मी २०१८ पासून पुन्हा सुरू केली. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात वेचणी जेवढी झाली तेवढी झाली, पुढच्या दिवशी शेळ्या आत. पहिल्या वर्षी घरात भांडण झालं. थोरला म्हणाला, "विहिरीत पानी हाय, बाबा. दोन पानी देले तं एकरी चार क्विंटल कुठी जात नाई."

"त्याच्यातली कवडी किती?"

"कवडी बी विकल्या जाते."

त्याचं खोटं नव्हतं. कवडीही विकली जाते, कमी भावानं का होईना. फरदडीचा पैसा नगद असतो आणि तो अशा वेळी येतो जेव्हा बँकेचा मार्च डोक्यावर असतो. त्या जागी आम्ही उन्हाळी तीळ घेतला. तिळानं फरदडीएवढे पैसे दिले नाहीत, हे मी लपवत नाही. पुढच्या खरिपात फवारणीचे वाचले ते धरले तर मिटलं. मधला एक वर्ष तोटाच होता. थोरला हिशोबाची वही माझ्यापुढे ठेवतो आणि काही बोलत नाही, तेव्हा मला जास्त कठीण जातं.

आणि पतंगाला धुरा कळत नाही. माझं वावर डिसेंबरात मोकळं, पण लागून असलेल्या भावाची फरदड मार्चपर्यंत उभी. तो माझा चुलतभाऊ, वयानं माझ्याहून लहान, पाणी भरपूर. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये माझ्या धुऱ्याकडच्या सापळ्यात नऊ, अकरा, नऊ पतंग, आणि वावराच्या दुसऱ्या टोकाच्या सापळ्यात दोन-तीन. गावातल्या आठ-दहा जणांनी आता माझ्यासारखं धरलं आहे. पण आठ-दहांनी होत नाही, शिवारानं एकदम झोपावं लागतं. पूर्वी ते आपोआप व्हायचं, कारण पाणी कोणाकडेच नव्हतं. आता प्रत्येकाला ज्याचं-त्याचं ठरवून करावं लागतं, आणि प्रत्येकाची अडचण वेगळी.

या संक्रांतीला तिळगूळ घेऊन मी त्याच्याकडे गेलो. चहा झाला. मी विषय काढला. म्हटलं, "बापू, मोड आता." तो म्हणाला, "दादा, पोरीच्या कॉलेजचे पैसे भराचे हायेत फेब्रुवारीत. तुमीच सांगा कुठून आनू?" मला सांगता आलं नाही. वहिनी दारात उभ्या होत्या, त्याही काही बोलल्या नाहीत. त्याच्या वावरात पिवळी फुलं अजून येतच होती, येताना मी पाहिली होती.

दरवर्षी फेब्रुवारीत मेंढपाळ येतात. खतासाठी आम्ही त्यांचा कळप रात्री वावरात बसवतो, बदल्यात ज्वारी देतो. या वर्षी माझा नंबर पहिला आहे. मी बापूला म्हटलं, माझ्या आधी तुझ्या वावरात बसवू. बोंडं, पाला सगळं खाऊन जाईल, खत मिळेल ते वेगळं. मेंढपाळाची ज्वारी मी देतो. फक्त शेवटची वेचणी आठ तारखेच्या आत करून घे.

तो थोडा वेळ अंगणाकडे पाहत बसला. मग म्हणाला, "पाहू, दादा."